पाच लिटरचा आकडा विसर, घामाचं माप घे

प्रश्न : ताई, मी यावल तालुक्यातला, वय २२, वजन ६२ किलो. पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर पळतो, संध्याकाळी गोळाफेक आणि १०० मीटर. ऊन वाढल्यापासून शेवटच्या फेरीत कुशीत कळ येते, दोनदा उलटीही झाली. दुपारी डोकं ठणकतं, रात्री पोटरीत गोळे येतात. अकॅडमीतली पोरं म्हणतात रोज पाच लिटर पाणी पाहिजेच, म्हणून मी पळायला निघताना दीड लिटर पिऊन टाकतो. मग दिवसभर फारसं लक्ष राहत नाही. आई म्हणते, ‘पानी पीसनी पयू नको’ (पाणी पिऊन पळू नको), आणि आल्यावरही लगेच पिऊ देत नाही. एक मित्र एनर्जी ड्रिंक आणतो. धाकटी बहीण माझ्यासोबत तयारी करते, पण मैदानावर तिची सोय नाही म्हणून ती सकाळी पाणीच पीत नाही. वडील केळीच्या बागेत मजुरीला जातात, त्यांना बीपीची गोळी सुरू आहे आणि दिवसभर ते चहावरच असतात. नेमकं किती पाणी प्यायचं?

उत्तर :

भाऊ, तू विचारलंस ‘किती’, पण तुझ्या पत्रात तीन वेगळी शरीरं आहेत. तू पहाटे घाम गाळतोस, बहीण पाणी टाळते, वडील दिवसभर बागेत राबतात आणि गोळी घेतात. तिघांना एकच आकडा सांगितला तर निदान दोघांचं नुकसान होईल. म्हणून तुझ्यापासून सुरुवात करते.

पहिली गोष्ट, तुझी आई बरोबर सांगते. निघताना दीड लिटर पिऊन धावणं हेच तुझ्या कळीचं आणि उलटीचं सगळ्यात संभाव्य कारण आहे. पोटातून पाणी पुढे सरकायला वेळ लागतो, तासाभरात जेमतेम एक लिटर, आणि जोरात धावताना त्याहून कमी. तू पाच मिनिटांत दीड लिटर ओततोस आणि पंधरा-वीस मिनिटांत फेऱ्या सुरू करतोस. भरलेलं पोट प्रत्येक पावलाला हिंदकळतं, आणि वेग वाढला की कुशीत कळ किंवा घशाशी पाणी. शिवाय एवढं पाणी एकदम रक्तात आलं की मूत्रपिंडं त्यातलं बरंचसं दोन तासांत बाहेर टाकून मोकळी होतात. म्हणजे सकाळी सातला तुला वाटतं आपला कोटा झाला, आणि अकरापर्यंत शरीर परत रिकामं. दुपारी डोकं दुखतं ते बहुतेक त्यामुळेच.

मग पळण्याआधी किती? व्यायामाआधी वजनाच्या दर किलोमागे ५ ते ७ मिलिलिटर असं साधं माप आहे. तुझ्या ६२ किलोला ते ३१० ते ४३० मिलिलिटर होतं, म्हणजे घरातल्या मोठ्या पेल्यानं दीड पेला. साडेपाचला पळायचं असेल तर पावणेपाचला उठल्या उठल्या घोट घोट घे. निघण्याआधी एकदा लघवीला जाऊन ये. मैदानावर पोचल्यावर घसा कोरडा वाटला तर दोन घोट, बस. भरतीतली १६०० मीटरची धाव हा पाच-सहा मिनिटांचा मामला आहे. त्यात पाण्याअभावी कुणी मागे पडत नाही, रात्रीच कोरडं झोपलेलं शरीर घेऊन कुणी उभं राहिलं तर पडतं. खरी तयारी आदल्या संध्याकाळची असते.

आईचं दुसरं म्हणणं मात्र सोडून द्यायचं. पळून आल्यावर लगेच पाणी प्यायला काहीच हरकत नाही. श्वास बसला, घाम पुसला की प्यायला लाग. एका दमात तांब्या रिकामा करू नको, एवढंच. माठाचं गार पाणी चालतं, फ्रिजचंही चालतं. उभ्यानं पाणी प्यायलं की गुडघे जातात हे मी रोज ऐकते. त्याला काही आधार नाही, बसून प्यायला आवडत असेल तर बसून पी.

आता पाच लिटरबद्दल. हा आकडा तुझ्या मित्रांनी काढलेला नाही, तो कुठून कुठून फिरत आलाय. ‘रोज आठ ग्लास’ हे तर शाळेपासून ऐकलं असशील. १९४५ साली अमेरिकेतल्या एका आहार मंडळानं दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं होतं आणि लगेच पुढच्या वाक्यात म्हटलं होतं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. पुढचं वाक्य लोकांनी सोडून दिलं. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं निरोगी माणसाला साधारण आठ ग्लास, म्हणजे दोन लिटर पाणी सांगितलंय, आणि कडक ऊन किंवा अंगमेहनत असेल तर जास्त लागतं हेही त्याच सल्ल्यात आहे. अमेरिकेतल्या पुढच्या शिफारशीत पुरुषाला ३.७ लिटर आणि बाईला २.७ लिटर असे आकडे आहेत, पण त्यात वरण, भाजी, फळं, चहा, ताक सगळं धरलेलं आहे. अन्नातून साधारण पाचवा हिस्सा येतो. आपल्याकडे कढी, वरण, पातळ भाजी रोजची, त्यामुळे आपल्या ताटात तो हिस्सा कमी नसतो.

आणि हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो त्या दिवसाला, चार तास मैदानावर असलेल्या पोराला, सरासरी काय सांगणार? तुझा आकडा तुझा घामच सांगेल, आणि तो मोजायला पैसे लागत नाहीत.

एक वजनकाटा शोध, १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. अकॅडमीत असेल, नाहीतर आरोग्य उपकेंद्रात असतो. पळायला निघताना लघवी करून, फक्त चड्डीवर वजन घे. सराव करताना किती पाणी प्यायलास ते बाटलीवरच्या खुणेनं मोज. आल्यावर अंग कोरडं पूस, घामानं भिजलेले कपडे काढ आणि परत त्याच चड्डीवर वजन घे. समज आधी ६२.४ होतं, नंतर ६१.३ भरलं, आणि मधे ३०० मिलिलिटर प्यायलास. वजन १.१ किलो उतरलं, त्यात प्यायलेलं ०.३ मिळवलं की १.४ लिटर घाम गेला. एवढ्या वेळात, एवढ्या उन्हात तुझा घाम इतका. एक किलो वजन म्हणजे एक लिटर, हिशेब इतका सरळ आहे.

हे एकदा करून थांबू नको. गार सकाळी एकदा, उकाड्याच्या सकाळी एकदा, संध्याकाळच्या सरावाला एकदा मोज. माणसामाणसात फार फरक पडतो, जोरात व्यायाम करताना कुणाचा तासाला अर्धा लिटर घाम जातो, कुणाचा दोन लिटर. तुझ्या शेजारी पळणारा पोरगा कोरडा राहतो आणि तुझा बनियान पिळून निघतो, याचा अर्थ तू कमजोर आहेस असा नाही. उन्हाला सरावलेल्या शरीराला घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो, त्यातलं मीठ मात्र ते राखून ठेवायला शिकतं. हे शिकायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि मधे काही आठवडे सराव सुटला की ते विसरलंही जातं. म्हणून भरतीची तारीख लागली की त्याआधीच्या पंधरवड्यात काही दिवस पहाटेऐवजी सात-साडेसातला हलका सराव कर, रोज थोडा थोडा वाढव. दुपारच्या उन्हात पळून ‘अंग घडवायचं’ असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नको. त्यानं अंग घडत नाही, माणूस दवाखान्यात येतो.

वजनाचा हिशेब दोन्ही बाजूंनी वाचायचा. वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे तुझ्या बाबतीत सव्वा किलोपेक्षा जास्त, तर लांबच्या सरावात दम लवकर लागतो, नाडी जोरात चालते, लक्ष उडतं. अशा वेळी मधे मधे प्यायचं प्रमाण वाढव. उलट, सराव करून वजन वाढलं तर तू गरजेपेक्षा जास्त पाणी पितोयस, आणि ही बाजू पोरांना कुणी सांगतच नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं. त्यातल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, कमी भरलं, आणि ज्यांचं वजन धावताना वाढलं होतं त्यांच्यात ते प्रमाण जास्त होतं. नुसतं पाणी भराभर ढोसलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, पेशींमध्ये पाणी शिरतं, मेंदू सुजतो. डोकं दुखणं, मळमळ, उलटी, मग भ्रम, झटके. लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, म्हणून सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात आणि जीव धोक्यात जातो. निरोगी मूत्रपिंड तासाला फार तर एक लिटरच्या आतबाहेर पाणी बाहेर टाकू शकतं. दिवसभरात पाच लिटर पसरून प्यायलास तर बहुतेक लघवीला फेऱ्या घालशील, पण तासाभरात दोन-अडीच लिटर ओतणं घातक आहे. ‘जास्त पाणी प्यायलं तर काय बिघडतं’ हे वाक्य अकॅडमीत कुणी म्हणालं तर त्याला हे सांग.

सरावानंतर जेवढं वजन उतरलं त्याच्या साधारण दीडपट पाणी पुढच्या तीन-चार तासांत भरून काढायचं. १.१ किलो उतरलं तर दीड-पावणेदोन लिटर, पण न्याहारीसोबत आणि पसरून. दीडपट अशासाठी की प्यायलेल्यातलं काही लघवीवाटे जातंच. सोबत भाकरी-भाजी खाल्लीस तर त्यातल्या मिठामुळे पाणी अंगात टिकतं. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, ठेचा आणि ताक अशी न्याहारी करणाऱ्याला तासाभराच्या सरावासाठी वेगळी कुठलीही पावडर लागत नाही. दुकानदार काहीही सांगो.

वजनकाटा नाही त्या दिवशी लघवीचा रंग बघ. फिकट पिवळा असला तर ठीक, गडद पिवळा किंवा तांबूस दिसला तर पाणी कमी पडतंय. अगदी पाण्यासारखी पांढरी दिवसभर होत असेल तर थोडं थांब, जास्त होतंय. सकाळची पहिली गडद असणारच, तिच्यावरून ठरवू नको. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असशील तर रंग भडक पिवळा येतो, तेव्हा ही खूण उपयोगाची नाही. आणि तहानेवर विश्वास ठेव. तरुण, निरोगी माणसाची तहान एरवी बऱ्यापैकी खरं बोलते. तहान लागली म्हणजे उशीर झाला असं जे सांगतात ते रोजच्या आयुष्यापुरतं तरी खरं नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा तहान लागूनही माणूस उठत नाही, किंवा बाटली जवळ नसते.

पोटरीच्या गोळ्यांबद्दल घाईनं निष्कर्ष काढू नको. गोळे येण्यामागे स्नायू थकणं हे मोठं कारण असतं, पाणी आणि मीठ हे एक कारण. गोळे रात्री येतात म्हणतोस, तर संध्याकाळच्या सरावात एकदम भार वाढवला आहेस का ते बघ, झोपण्याआधी पोटऱ्या ताणून घे. केळी खा असं तुला सगळे सांगत असतील, आपल्या रावेर-यावलात तर केळ्याला तोटा नाही. जरूर खा, शंभर ग्रॅम केळ्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आणि भरपूर ताकद आहे. पण घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, आणि केळ्यात सोडियम जवळपास नाहीच. बनियानवर पांढरे डाग उमटत असतील तर तुझ्या घामात मीठ जास्त आहे, मग केळ्यासोबत मीठ घातलेलं ताक घे. दोन-तीन आठवड्यांत गोळे थांबले नाहीत तर रक्त तपासून घे, अंगावर काढू नको.

आता ओआरएस. तुझ्या पत्रात नाव नाही, पण भरतीच्या मैदानावर खिशाखिशात पाकिटं असतात, म्हणून सांगते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं हजारोंवर उपचार केले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आतड्याच्या आतल्या भिंतीत एक वाट अशी आहे की तिथून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनंच आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. साखर-मीठ ठरावीक प्रमाणात असलं तरच ही युक्ती चालते. म्हणून पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. पेलाभर पाण्यात पाकीट झाडून ‘कडक’ करणारी पोरं मी पाहिली आहेत. तसं केलं की आतडं उलट शरीरातलं पाणी ओढून घेतं, मळमळतं, जुलाब होतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं लिहिलेलं आहे का ते वाच. गोड पेयांच्या खोक्यावर ओआरएस हा शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२५ मध्ये मनाई केली, तरी जुनी सवय दुकानात टिकून असते. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटानं पुसून सपाट, शीग नको.

रोजच्या सरावाला हे लागत नाही. तो जुलाबावरचा इलाज आहे. मात्र भरतीच्या दिवशी त्याचा उपयोग आहे. तिथं पळणं थोडं आणि वाट बघणं फार. पहाटे चारपासून रांग, कागदपत्रं, छाती-उंची, मग उन्हात बसणं, आणि तुझा नंबर कदाचित दहाला. आदल्या रात्री नीट जेव, झोपताना एक पेला पाणी घे. सोबत दोन बाटल्या ने, एक साधी आणि एक ओआरएसची. दर अर्ध्या तासानं पाच-सात घोट, दोन्हीतलं आलटून पालटून, आणि पळण्याआधीचा अर्धा तास फक्त ओठ ओले करण्यापुरतं. डोक्यावर रुमाल, सावली मिळेल तिथं बसायचं. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही असं आपल्याकडे घरोघरी मानतात. ठेवायचा तर ठेव, त्यानं अपाय नाही, पण त्याच्या भरवशावर पाणी आणि सावली सोडू नको.

एनर्जी ड्रिंकचं थोडक्यात. २५० मिलिलिटरच्या डब्यात साधारणपणे ७५-८० मिलिग्रॅम कॅफीन आणि पाच-सहा चमचे साखर असते. छापलेलं वाचून बघ. तहान भागवायला ते पेय नाही, पळण्याआधी तेवढी साखर पोटात गेली की कळ वाढते आणि छाती धडधडते. त्यापेक्षा ताक बरं. आणि भरतीच्या सकाळी अंग दुखू नये म्हणून दुखणं थांबवणारी गोळी घ्यायची पद्धत पडलीय, ती मात्र खरोखर वाईट. पाणी कमी पडलेल्या शरीरात डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करते. घेऊ नको, मित्रालाही घेऊ देऊ नको.

बहिणीकडे येते. तुझं पत्र वाचताना मी इथंच जास्त थांबले. ती पाणी पीत नाही कारण तिला तहान नाही म्हणून नव्हे, तिला जायला जागा नाही म्हणून. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी मुली, शिक्षिका, शेतात जाणाऱ्या बाया हेच करतात. सकाळी पाणी टाळायचं, लघवी धरून ठेवायची, आणि मग जळजळ, ताप, पाठीत कळ घेऊन यायचं. २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांवरचा. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी वाढवायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. औषध नाही, इंजेक्शन नाही, पाणी. शिवाय आपल्याकडच्या उन्हात कमी लघवी होणं म्हणजे मुतखड्यालाही आमंत्रण.

तिची चाचणी ८०० मीटरची आहे, तीन-चार मिनिटांची. तिला मैदानावर बाटलीभर पिण्याची गरज नाही. घरून निघण्याआधी पाऊण तास एक मोठा पेला, साधारण २५०-३०० मिलिलिटर, निघताना बाथरूमला जाऊन येणं, आणि परत आल्यावर तासाभरात दोन-तीन पेले. एवढ्यानं सकाळ निघून जाईल. पाळीच्या दिवसांत तिला पाणी आणखी टाळावंसं वाटेल, तेव्हाही हेच वेळापत्रक ठेवू दे. पण हा झाला अडचणीवर तोडगा. अडचण तशीच ठेवायची नाही. तुम्ही शाळेच्या मैदानावर पळता, म्हणजे तिथं स्वच्छतागृह आहे, फक्त पहाटे त्याला कुलूप असतं. मुख्याध्यापकांना भेट, सकाळची किल्ली कुणाकडे ठेवता येईल ते विचार, पाण्याची बादली भरून ठेवायची जबाबदारी तुम्ही पोरांनी घ्या. अकॅडमीवाले मुलींकडून फी घेतात, तर त्यांनी सोबत यायला हवं. नाही आले तर ग्रामपंचायतीत अर्ज दे, बहिणीच्या आणि बाकी मुलींच्या सह्यांनिशी. हे ती एकटीनं मागायला लाजेल, तू मागितलंस तर लोक ऐकतील, आणि तुझी बहीण भरतीला उभी राहते तेवढाच हक्काचा हा विषय आहे.

घरातलं पाणी नळाला तीन-चार दिवसांनी येत असेल आणि टाक्यांत साठवलेलं असेल तर पिण्याचं वेगळं काढून उपकेंद्रातलं मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) सांगितलेल्या थेंबांनी टाका, नाहीतर खळखळून उकळा. भरतीच्या आठवड्यात जुलाब लागले तर वरचं सगळं वाया.

सोबत पळणारा एखादा पोरगा असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागला, अंग तापलं आणि हाक मारली तर नीट उत्तर देत नाही, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. शुद्ध नीट नसताना तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासात जातं. सावलीत न्या, कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेवर ओले गार कपडे ठेवा, एकानं १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही. अकॅडमीत सगळ्यांना हे एकदा सांगून ठेव.

आता वडील. त्यांची काळजी तू पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलीस, पण तिघांत मला सगळ्यात जास्त चिंता त्यांची वाटते. बाहेर ऊन कोरडं असतं, बागेत मात्र पानांखाली दमट कोंदट. सावली असल्यानं माणसाला ऊन जाणवत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. घाम नुसता टपकत राहतो. चहा बंद करायला लावू नको, चहानं अंगातलं पाणी जातं हा गैरसमज आहे, चार कप चहा पाण्यातच मोजले जातात. पण चार कप म्हणजे जेमतेम अर्धा लिटर, आणि त्यातून साखर किती जाते ते वेगळं. उन्हातल्या मजुरीला दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी असं माप आहे, तासाला दीड लिटरच्या वर मात्र नाही. त्यांना घड्याळ बघायला सांगू नको, ते बघणार नाहीत. दर ओळ संपली की बांधावर येऊन पेलाभर, असं ठरवून दे. गोणपाट गुंडाळलेला कॅन सावलीत, त्यांच्या कामाच्या जवळच्या बांधावर असू दे. दूर ठेवलेलं पाणी कुणी उठून प्यायला जात नाही. कामाची वेळ मुकादमाशी बोलून पहाटे घेता आली तर उत्तम.

मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस, मीठ घातलेलं ताक हे तुझ्यासाठी आहे, त्यांच्यासाठी रोजचं नाही. बीपीला दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत सांगतात आणि आपली शेवभाजी, पापड, लोणचं आधीच ते ओलांडून गेलेलं असतं. आणि गोळीचं पाकीट उलटं करून वाच. त्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं नाव असेल तर ती गोळी लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढते. उन्हाळ्यात, अशा मजुरीत, त्या गोळीची मात्रा किंवा वेळ बदलावी लागू शकते. ते डॉक्टर ठरवतील, गोळी स्वतःहून बंद करायची नाही. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, लघवी फार कमी होते का, रात्री अंगदुखीसाठी दुकानातून कुठली गोळी आणून घेतात का, हे त्यांना आज रात्री जेवताना विचार. पाकीट आणि या तिन्हीची उत्तरं घेऊन या आठवड्यात त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा, बीपी मोज आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) व सोडियम-पोटॅशियमची रक्ततपासणी करून घे. मजुरी बुडते म्हणून ते टाळतील, तेव्हा बाजाराच्या किंवा सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर ने. तुझे तीन वेळचे वजनाचे आकडेही त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांना दाखव.